शेततळ्याची ओटी

१

गुरुवारी कुरुळीकडच्या शेडना सुट्टी असते, आणि लाइटलाही. शेजारची पॉवर प्रेस आठवडाभर अशी धडधडत असते की टेबलावरचा चहा पेल्यात थरथरतो. गुरुवारी तीही गप्प. पाण्यातला बारीक आवाज ऐकायचा तर हाच दिवस बरा, म्हणून साधना आणि प्रज्वल यांची चाचणी गुरुवारचीच ठरलेली.

त्यांच्या शेडच्या मागे शेततळं होतं. जमीन सुमनताईंची. त्यांचे यजमान अर्जुनराव इथं पॉलिहाउसात गुलाब लावायचे, तेव्हा खणलेलं. गुलाब गेले, शेड आल्या, तळं तेवढं राहिलं. काळं प्लास्टिक अंथरलेला चौकोनी खड्डा आणि त्यात बोअरचं पाणी, बस्स. झरा नाही, गाळ नाही, कुणी त्यात जीव दिल्याची गोष्टसुद्धा नाही. घाबरायचंच तर त्या प्लास्टिकला घाबरावं. ओल्या उतारावर पाय ठरत नाही, माणूस काठाला हात लावून बुडतो. म्हणून कडेला गाठी मारलेला दोर कायम बांधलेला असायचा.

साधना त्या दोराला धरून उतरली. पाठीवर हवेची छोटी टाकी, कमरेला शिसं, छातीवर मऊ राखाडी पट्टा. प्रज्वल काठावर छत्रीखाली पेटी घेऊन बसला. दोघं ताथवड्याच्या कॉलेजात एका वर्गात होते. तेव्हापासून याचं डोकं तारांत आणि हिचं माणसांच्या फासळ्यांत.

हा पट्टा म्हणजे साधनाचा हट्ट होता. धरणाच्या दारांवर, कंपन्यांच्या टाक्यांत उतरणारे पाणबुडे असतात. त्यांच्यातला कुणी खाली गुदमरला तर वरच्याला कळायला उशीर होतो. अंगावर काही बांधावं तर त्याला सेल लागतो. सेल वाकत नाही, टोचतो, पाणी शिरलं की चटका देतो. मग साधना म्हणाली, सेल हवाच कशाला? छाती हलते ना? पट्ट्यात रबराचे पातळ पापुद्रे होते. श्वास घेतला की ते ताणले जायचे, एकमेकांवर घासायचे, आणि त्या घासण्यातून निघालेल्या विजेवर एक हिरवा दिवा लागायचा, पाण्यात एक बारीक टिक उठायची. पाण्यात सोडलेला माइक ती टिक पेटीपर्यंत आणायचा. एक श्वास, एक टिक. टिक थांबली की दोर ओढायचा.

आणि श्वासाची किंमत साधनाला कुणी शिकवायची गरज नव्हती. लातूरला तिचं बालपण दम्यानं खाल्लं. धुळीत जाऊ नको, पळू नको, पाण्याजवळ तर फिरकूच नको, असं डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळे सांगत आले आणि या बयेनं एकाचं ऐकलं नाही. नोकरी लागल्यावर पिंपळे गुरवात लहान पोरांच्या रांगेत उभी राहून ती पोहायला शिकली. इतरांना जे जन्मतःच मिळतं ते तिनं भांडून मिळवलं होतं.

चाचणी झाली. ती वर आली, पाठीमागे हात घालून पट्ट्याचा आकडा काढला, पट्टा टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवला. नवरात्रात गावी जाऊन आल्यापासून तिला जरा धाप लागत होती. प्रवासाची धूळ, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

पेटी म्हणाली, टिक.

"बंद कर की ती," साधना केस पुसत म्हणाली.

"पट्टा डब्यात आहे ना?" प्रज्वलनं विचारलं.

"मग काय माझ्या डोक्यावर आहे?"

टिक. मध्ये भलामोठा थांबा, आणि पुन्हा टिक.

२

पहिला तर्क प्रज्वलचा. पेटी बिघडली. त्यानं माइक पाण्यातून काढला, पेटी गप्प झाली. पुन्हा सोडला, टिक. म्हणजे आवाज पाण्यातून येत होता.

दुसरा तर्क साधनाचा. मासा. सुमनताईंच्या पुतण्यानं कधीतरी तळ्यात रोहूची पिल्लं सोडली होती. पण मासा काही तासभर एका ठेक्यात राहत नाही.

प्रज्वलनं कान स्पीकरला लावला आणि त्याचा चेहरा उतरला. पट्टे हातानं बनवलेले, प्रत्येकाचा सूर थोडा वेगळा. पहिल्या नगाची गुंडाळी त्याच्याच हातून चुकली होती, त्यामुळे त्याची टिक जराशी बसक्या आवाजाची. सहा महिने तोच पट्टा साधनाच्या छातीवर होता. हा आवाज त्या दोघांना झोपेतही ओळखता आला असता.

"पहिला नग कपाटात आहे ना?" साधनानं विचारलं.

प्रज्वल छत्रीची दांडी उगाच घट्ट करू लागला.

"प्रज्वल, मी तुला विचारायले."

"तू चिडणार."

"ते मी ठरवते. बोल."

मग कळलं ते असं. खंडेनवमीला सगळ्या शेडमध्ये यंत्रांची पूजा झाली. यांच्याकडे यंत्र म्हणावं असं एक ओव्हन आणि दोन सोल्डरिंग गन, त्यांना हळदकुंकू लागलं. सुमनताई ताट घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, तुमचं काम पाण्यातलं, मग पाण्याची ओटी नको भरायला? तांदूळ, सुपारी, नारळ, हिरवा खण. आणि वर, तुमच्या कामातलं पहिलं फळ द्या. प्रज्वलनं कपाटातून पहिला नग काढून दिला. नवे पट्टे आले होते, जुना पडूनच होता. खणात सगळं बांधून त्यांनी तळ्यात सोडलं.

"मला विचारायचं की रे. फोन होता ना तुझ्याकडं?"

"ओटी भरतायत, त्यात काय विचारायचं, यार. चांगलंच केलं त्यांनी."

साधनानं तळ्याकडे पाहिलं. वारा नव्हता. पाणी काचेसारखं पडून होतं आणि पेटी आपल्या ठेक्यात बोलत होती.

३

सुमनताई अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. मोठा बंगला, दारात दोन गाड्या, पण ताई आपल्या पायरीवर. साधनानं जाऊन सरळ विचारलं, आणि त्यांनीही सरळ सांगितलं.

"व्हय, भरली की. तुझ्याच नावानं भरली. तू त्या पान्यात सारखी उतरतीस, काळजी वाटती आमाला."

"माझ्या नावानं? मला न विचारता?"

"आई लेकराच्या नावानं दिवा लावती ती काय इचारून लावती? अगं, आमी हितली मानसं. हिरीला, नदीला, समद्याला वटी भरतो. पान्याला द्यायचं ते आपल्या अंगावरचं द्यायचं, तवा ते आपल्याला वळखतं."

"ताई, ते प्लास्टिकचं तळं आहे. आत बोअरचं पाणी आहे."

"पानी ते पानीच," सुमनताई म्हणाल्या. मग हातातली काडी खाली ठेवून त्यांनी आवाज उतरवला. "आनि घेतलं बी त्यानं. खन सोडला तर नारळ तरंगतो बघ, वारा लागून काठाला येतो. ह्यो न्हाई आला. सरळ खाली गेला. मला लई बरं वाटलं."

साधनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या बाईच्या डोळ्यांत नुसती माया होती, आणि मायेवर ओरडायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"मी तो परत काढणार आहे."

"न्हाई काढायचा. दिल्यालं मागं घेत न्हाईत, पोरी."

"मी दिलंच नाही, ताई. तुम्ही दिलंत."

 मेथीची जुडी सुमनताईंनी पुन्हा हातात घेतली, पण निवडली नाही.

परत येईपर्यंत साधनाच्या डोक्यानं एक कारण शोधून काढलं होतं. प्लास्टिकखाली वायू साठतो, त्याचा फुगा येतो, हे शेततळी करणारा कुणीही सांगेल. तो फुगा वरखाली होत असणार आणि वर पडलेला पट्टा ताणला जात असणार. कारण चांगलं होतं. प्रज्वललाही पटलं. दिवाळी झाली की पंप लावून तळं उपसायचं असं ठरलं. नारळ का तरंगला नाही, हा प्रश्न दोघांनी सोयीस्कर गिळला.

४

पण साधनाची धाप काही गिळता येईना.

छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. फुप्फुसं साफ. "टेन्शन घेता का?" त्यांनी विचारलं. "मी टेन्शन देते," साधना म्हणाली आणि बाहेर येऊन बाकावर बसली, कारण जिन्यापर्यंत जायला दम उरला नव्हता.

माइक तळ्यातच ठेवून त्यांनी पेटी तारेनं शेडमध्ये आणली होती, पण प्रेसच्या धडधडीत ती ऐकू यायची नाही. म्हणून साधना हेडफोन लावून बसायची. पहिल्या दिवशी तिच्या लक्षात आलं की टिक तिच्या श्वासामागोमाग येते. हा आपल्या मनाचा खेळ, तिनं स्वतःला बजावलं. घड्याळाकडे बघत राहिलं की तेही आपल्या पावलांवर चालतंय असं वाटतं. तिनं मुद्दाम भराभर श्वास घेतले. टिक भराभर आली. तिनं हेडफोन काढून ठेवले आणि उरलेला दिवस ओव्हनपाशी काढला.

बुधवारी संध्याकाळी ती पिंपळे गुरवच्या आपल्या इमारतीत भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात लसणाची फोडणी पडली, टीव्हीवर बातम्या चालू होत्या. आणि तिथं तिचा श्वास थांबला.

दम्याचा झटका तिला पाठ होता. त्यात छाती आवळते, शीळ वाजते, माणूस हवा ओढतो आणि ती पुरत नाही. इथं तसलं काही नव्हतं. छाती मोकळी होती. फक्त ती फुगायला तयार नव्हती. दारात कुणीतरी उभं असावं आणि ते बाजूला होईपर्यंत आपल्याला आत जाता येऊ नये, तसं.

मग छाती आपोआप फुगली. हवा आत आली, बाहेर गेली. पुन्हा थांबली.

तिनं फोन लावला. प्रज्वल अजून शेडमध्येच होता. "पेटी," ती कशीबशी म्हणाली. "पेटीजवळ धर."

त्यानं फोन स्पीकरला लावला. प्रेसची शिफ्ट सुटली होती, मागे शांतता होती. साधना पायरीवर बसून राहिली, एका हातात फोन, दुसरा छातीवर.

टिक. आणि तिची छाती फुगली.

मोठा थांबा. टोमॅटो पिशवीतून घरंगळत खालच्या मजल्यावर गेले.

टिक. आणि तिची छाती फुगली.

आता आधी पेटी होती आणि मग ती.

५

"उद्या गुरुवार, लाइट नाही," प्रज्वल सकाळी म्हणाला. रात्रभर तो झोपला नव्हता, तीही नव्हती. "परवा पंप लावू. दोन दिवसांत तळं रिकामं. तोवर तू दवाखान्यात ॲडमिट हो, प्लीज."

"आजच गुरुवार आहे," साधना म्हणाली. तिला एका टिकेत एवढंच बोलता येत होतं. पुढच्या टिकेपर्यंत थांबून ती म्हणाली, "तीन दिवस. त्याच्या मर्जीनं. श्वास घेऊ?"

"मी उतरतो."

"तुला पोहता येत नाही."

"तू अशी उतरलीस तर वर येणार नाहीस. आपण ही जागाच सोडू, साधना. भोसरीला गाळा मिळेल. दुसरं पाणी बघू."

"जागा बदलायची असेल," ती म्हणाली आणि थांबली. प्रज्वलनं मान खाली घातली. पेटीत टिक झाली. "तर त्यानं बदलावी."

काठावर सुमनताई आल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. साधनाचे निळसर ओठ त्यांनी पाहिले आणि पदर तोंडाला लावला. "मी तुझ्या भल्यासाठी केलं गं," त्या म्हणाल्या. साधनानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो आधारासाठी की समजुतीसाठी हे तिलाही कळलं नाही, आणि दोर धरून ती पाण्यात शिरली.

खाली गार आणि अंधारं. तोंडातल्या नळीत हवा भरपूर होती आणि तिचा उपयोग नव्हता. टिक झाली की घोट मिळायचा. तिनं ठरवून टाकलं की दोन टिकांमधल्या वेळाला भ्यायचं नाही. लहानपणी अंथरुणावर बसून असे कितीतरी थांबे तिनं काढले होते. तेव्हाही कुणी हात धरायला नव्हतं आणि तेव्हाही ती मेली नव्हती.

टॉर्चचा झोत तळाला लागला. काळं प्लास्टिक, त्याच्या घड्या, थोडं शेवाळ. फुगा कुठेच नव्हता. मग हिरवा खण दिसला.

तो तळाला टेकलेला नव्हता. तळापासून वीतभर वर पसरला होता, दोन्ही कडांना उंच, मध्ये खोलगट, आणि त्या खोलगटात नारळ, सुपारी, तांदूळ नीट बसले होते. खणाखाली काही नव्हतं. तिनं टॉर्च वाकवून पाहिलं. नुसतं पाणी, आणि त्याखाली प्लास्टिकला पडलेले दोन गोल खळगे. मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे टेकतात तेवढ्या अंतरावर.

खणाच्या वर, बसलेल्याची छाती असते तिथं, पट्टा होता. गोल, भरलेला. तो फुगला, हिरवा दिवा लागला, आणि साधनाच्या छातीत हवा शिरली.

पुढून निघू नये म्हणून पट्ट्याचा आकडा पाठीमागे ठेवायचा, हा तिचाच आग्रह होता. ती वळसा घालून मागे गेली. आकडा पलीकडे होता. ती पुन्हा वळसा घालून आली. आकडा पुन्हा पलीकडेच. पट्टा फिरलेला तिला दिसला नाही. फक्त ती जिथं जाईल तिथं ते तिच्याकडे तोंड करून होतं.

म्हणजे पुढूनच, कवेत घेऊन.

असा संताप तिला आयुष्यात आला नव्हता. हे माझं आहे, ती मनात म्हणाली, माझ्या छातीवर वाढलेलं आहे, आणि मी ते कुणाला दिलेलं नाही. तिनं दोन्ही हात पट्ट्याभोवती टाकले. हातांच्या मध्ये नुसतं पाणी होतं. ते कोमट होतं, आणि मागे सरत नव्हतं. तिच्या गालापाशी काहीतरी थांबलं आणि तिच्याच लयीत आत ओढलं गेलं. तिनं डोळे मिटले नाहीत. बोटांनी आकडा चाचपला, एकदा निसटला, दुसऱ्यांदा सापडला. थांबा लांबत चालला होता. टिक येत नव्हती. ती येणारच नव्हती, हे तिला कळलं.

तिनं आकडा काढला.

हवा तिच्या छातीत अशी घुसली की फासळ्या दुखल्या. पट्टा तिच्या हातात ढिला पडला, दिवा विझला. समोरचा नारळ खणातून सुटला आणि तिच्या चेहऱ्याजवळून वर गेला.

६

ती दोर धरून बाहेर आली आणि प्लास्टिकवर पालथी पडून नुसती श्वास घेत राहिली. प्रज्वल रडत होता आणि आपण रडत नाही असं सांगत होता. पेटी गप्प होती.

नारळ काठाला लागला होता. सुमनताई त्याच्याकडे बघत मागे मागे सरकत होत्या.

"वटी परत आली," त्या म्हणाल्या.

"परत आली नाही, ताई. मी आणली."

साधना उठली, नारळ उचलला आणि दोराच्या खुंटीशेजारच्या दगडावर आपटला. दोन भकलं झाली. आत पाण्याचा थेंब नव्हता. खोबरं मात्र पांढरंशुभ्र होतं. तिनं तुकडा काढून तोंडात टाकला आणि एक सुमनताईंपुढे धरला. सुमनताईंनी तो घेतला नाही.

"आता ते रिकाम्या मांडीनं बसलंय," त्या हलकेच म्हणाल्या. "तुला वळखतंय. तू काय परत हितं उतरू नगंस, पोरी."

साधना खोबरं चावत राहिली. तिला भीती वाटत होती, आणि ती लपवायची तिला गरजही वाटली नाही.

७

पुढच्या गुरुवारी लाइट नव्हती, प्रेस गप्प होती, आणि साधना काठावर कमरेला शिसं बांधत होती. प्रज्वलनं समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, शेवटी पेटी मांडून दोर स्वतःच्या कमरेला बांधून बसला. तळं उपसायला सुमनताईंनीच नाही म्हटलं होतं. रिकामं केल्यावर तळाला काय दिसेल ते त्यांना बघायचं नव्हतं. साधनाला मात्र बघायचं होतं. आज पळाले तर उद्या ते पिंपळे सौदागरच्या एखाद्या सोसायटीच्या टाकीत बसलेलं असेल, परवा घरच्या बादलीत, एवढं तिला कळत होतं.

तिनं छातीवर पहिलाच नग बांधला.

खण होता तिथंच होता. वीतभर वर, मोकळा, मध्ये खोलगट. तांदळाचे दाणे गेले होते. साधना त्याच्या समोर प्लास्टिकवर टेकली आणि तिनं मांडी घातली. टॉर्च बाजूला ठेवली. त्या दोघांच्या मध्ये हातभर पाणी होतं.

तिनं श्वास घेतला. पोटापासून, पूर्ण. पट्ट्यातून टिक उठली, हिरवा दिवा लागला.

समोरचा खण किंचित वर उचलला गेला.

तिनं सोडला. खण खाली आला.

पुन्हा घेतला. पुन्हा वर. आता आधी ती होती.

मग साधनानं श्वास रोखला. खण अर्ध्यावर थांबला आणि तिथंच राहिला. त्याच्या कडा हळूहळू थरथरू लागल्या. वर काठावर प्रज्वल पेटीला कान लावून बसला असणार, त्याचा हात दोरावर गेला असणार. तिनं दोराला ठरलेला एक झटका दिला, ठीक आहे म्हणून, आणि समोर पाहत बसून राहिली. थांब्यात बसायची सवय तिला लातूरपासूनची होती. तिला घाई नव्हती.